कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवली की मूल वाचायला शिकतं का?

परदेशातली_आई: आम्ही अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीत राहतो. मुलगा तिसरीत. वर्गात मोठ्यानं वाचायची पाळी आली की त्याचा आवाजच फुटायचा नाही. मुलांनी थेरपी डॉगला, म्हणजे माणसांना धीर द्यायला शिकवलेल्या शांत कुत्र्याला, वाचून दाखवायचा 'रीड' हा उपक्रम १९९९ मध्ये इथल्याच वाचनालयात सुरू झाला. 'इंटरमाउंटन थेरपी ॲनिमल्स' या संस्थेनं तो उभा केला. आम्हीही जाऊन पाहिलं. खाली सतरंजी, तिच्यावर पसरलेली म्हातारी लॅब्रॅडॉर, शेजारी तिची मालकीण. वीस मिनिटं. हा अडला की मालकीण म्हणते, "हिनं हा शब्द कधी ऐकला नाही, सांगशील का तिला?" मग हा अर्थ शोधून तिला समजावतो. दोन महिन्यांत घरी आपणहून पुस्तक उघडायला लागला. आपल्याकडच्या शाळांत हे यायलाच हवं.

खडूफळा: ताई, मुलगा खुलला याचा आनंद आहे. पण मी अठरा वर्षं पहिली-दुसरीला शिकवते. भीती गेली म्हणजे वाचता आलं असं नसतं. न लाजता, खणखणीत आवाजात चुकीचं वाचणारी मुलं माझ्या वर्गात आहेत. 'धर्म'मधला रफार आधी उच्चारायचा, हे बोट ठेवून दाखवावं लागतं. कुत्रा काय दाखवणार? २०१६ साली 'प्लॉस वन' या विज्ञान-नियतकालिकात हॉल, जी आणि मिल्स या संशोधकांनी यावरचे ४८ अभ्यास तपासले. परिणाम आशादायक दिसले, पण बहुतेक अभ्यास कच्चे होते. शिवाय वर्गात चाळीस मुलं. आठवड्याला एक तास कुत्रा आला, तर प्रत्येकाला वीस मिनिटं मिळायला तीन महिने लागतील.

परदेशातली_आई: शिकवण्याऐवजी कुत्रा, असं मी म्हटलंच नाही. १९८३ मध्ये संशोधक एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांना दिसलं, की खोलीत कुत्रा असताना मोठ्यानं वाचणाऱ्या मुलांचा रक्तदाब कमी राहतो. तुम्ही शिकवलेलं तोंडातून बाहेर तर पडायला हवं! आणि चाळिसांना कशाला? वाचायचं म्हटलं की ज्यांच्या पोटात दुखतं, त्या दोघा-तिघांनाच.

टेकडीवाला: माझ्या मुलीला भटका कुत्रा चावला, रेबीजची सगळी इंजेक्शनं झाली. अजून कुत्रा दिसला की माझ्यामागे लपते. वर्गात कुत्रा आणलात तर तिचं होतं ते वाचनही बंद पडेल. ती आजीला रोज पेपर वाचून दाखवते. आजीला मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नाही, म्हणून तिला खरंच गरज असते. मुलीला ते कळतं.

परदेशातली_आई: दादा, भीती किंवा ॲलर्जी असेल त्या मुलाला कुत्र्याजवळ बसवूच नये, हे मला मान्य. पण आजी मधेच चूक काढत नाहीत का?

टेकडीवाला: काढायची. मुलगी दोनदा रडून उठली. आता आजी पान संपेपर्यंत थांबते, मग विचारते, "तो मघाचा शब्द काय होता गं?"

खडूफळा: हे मी सोमवारपासून वर्गात करून बघते.