फ्रोडीचं रामराज्य? दळणाऱ्या बायांना विचारा

रानजाई:
काल एकांनी 'नॉर्स पुराणांतलं रामराज्य' म्हणून डेन्मार्कच्या फ्रोडी राजावर भरभरून लिहिलं. बापाचा खुनी समोर आला तरी कोणी हात उचलत नसे, येलिंगच्या माळावर सोन्याची अंगठी पडून राहिली तरी कोणी शिवलं नाही वगैरे. खाली नुसती 'वा वा'. माझं म्हणणं प्रतिसादात मावेना, म्हणून हा धागा.

ते सोनं आलं कुठून, हे लेखात नाही. फ्रोडीनं स्वीडनच्या फ्योल्निर राजाकडून फेनिया आणि मेनिया या दोन धिप्पाड दासी विकत घेतल्या आणि ग्रोत्ती नावाच्या जात्याला जुंपल्या. मागाल ते दळून देणारं जातं, पण कोणाला हलत नव्हतं. ह्या राक्षसकुळातल्या, ह्यांना हललं. सोनं दळा, शांतता दळा, सुख दळा. विसावा किती? कोकिळा गप्प असेल तेवढाच, नाहीतर एक गाणं म्हणून होईल तेवढा. शेवटी त्यांनी गाता गाता त्याच्यावर फौजच दळली. त्याच रात्री मीसिंग नावाचा दर्याचा राजा चालून आला आणि फ्रोडी खलास. हे रामराज्य?

नाना_इतिहासवाले:
तो लेख माझाच. ताई, तुम्ही फक्त आइसलँडचा लेखक स्नोरी वाचलेला दिसतोय. १२०० च्या सुमाराच्या साक्सो या डॅनिश इतिहासकाराकडे ही जात्याची भानगडच नाही. त्याचा फ्रोथो, म्हणजे हाच फ्रोडी, मोहिमा आणि कायदे करून शांतता आणतो. मेल्यावर राज्य फुटू नये म्हणून लोकांनी त्याचं प्रेत तीन वर्षं गाडीतून फिरवलं, एवढा दरारा! दासी तेव्हा सगळीकडेच होत्या. आजची फूटपट्टी लावू नका.

रानजाई:
प्रेत फिरवून टिकवलेली शांतता तुम्ही कौतुकानं सांगताय, धन्य आहे. आणि साक्सोचा राजा मेला कसा, तेही सांगा की. समुद्रगाय झालेल्या चेटकिणीनं मारला.

पाखरवेडा:
कोकिळा नव्हे हो! युरोपातला कुक्कू वेगळा, आपली कोकिळा वेगळी. कुळ एक, पक्षी दोन. मराठीत सरसकट कोकिळा लिहिणं कधी थांबणार?

मालतीकाकू:
पाखरं राहू द्या बाजूला. फेनिया-मेनियाच्या त्या जुन्या गाण्याची २४ कडवी आहेत आणि ती निव्वळ जात्यावरची ओवी आहे. सुरुवातीला दोघी धन्याचं भलंच चिंततात. झोप नाकारल्यावर सूर फिरतो. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ती अशी. माझी आई पहाटे तीनला जात्यावर बसायची. समोर काकू. एका खुंट्यावर दोघींचे हात.

नाना_इतिहासवाले:
काहीतरीच. आमच्या आजीच्या ओव्यांत विठ्ठल, माहेर, भाऊराया. शाप एकही नाही.

मालतीकाकू:
तुम्हाला ऐकवलेल्या ओव्यांत नसेल. ओसरीवर घोरत पडलेल्यांना काय ऐकू येणार? आईच्या ओवीत सासऱ्याचं जे व्हायचं ते इथे लिहिता येत नाही. सकाळी त्याच पिठाची भाकरी त्यांना वाढायची.

नाना_इतिहासवाले:
माझ्या आजीबद्दल तुम्ही मला शिकवू नका. दहा माणसांचं दळण तिनं हौसेनं केलं.

रानजाई:
'हौसेनं' हे आजी म्हणाल्या की तुम्ही?

कोकणी_खारा:
मीठ राहिलं! मीसिंगनं दोघींना जात्यासकट गलबतावर नेलं आणि मीठ दळायला लावलं. मध्यरात्री त्यांनी विचारलं, पुरे का? तो म्हणाला, दळा. गलबतं बुडाली, समुद्र खारट झाला. आमची मिठागरं पडीक पडली, तिथे मात्र कोणी राक्षसीण येत नाही.

मुक्काम_डेन्मार्क:
मीठ स्नोरीच्या गद्यात. गाण्यात नाही. गाण्यात त्या इतक्या जोरानं फिरवतात की जातंच दुभंगतं.
मी रोस्किल्डजवळच्या लायरला जाऊन आलो. फ्रोडीच्या घराण्याची राजधानी म्हणतात ती. उत्खननात सुमारे ४८ मीटर लांबीच्या दालनाच्या खुणा सापडल्यात, आता तिथे गवत आणि वारा. मुलगा म्हणाला, बाबा, जातं कुठंय? त्याला गोष्टीतलं तेवढंच आठवत होतं.

नाना_इतिहासवाले:
बरं बाई, मान्य. लेखात जातं यायला हवं होतं. मथळ्यात 'दासींच्या जिवावर' असंही घालतो, म्हणजे इथल्या सगळ्या फेनिया-मेनिया खूश. फ्रोडीच्या काळात चोऱ्या नव्हत्या, ते मात्र खोडणार नाही.

मालतीकाकू:
आधी आजीच्या ओव्या कोणाकडे उतरवलेल्या आहेत का बघा. आत्या असतील तर त्यांना फोन करा, तुम्ही खोलीत नसताना.

पाखरवेडा:
मूळ धाग्यात अजून कोकिळाच आहे.