तुमच्या बागेत सध्या कोण कोण आलंय? (अनुभव धागा)

मोगरावेडी
काल सर पडून गेल्यावर शेजारची चिमुरडी मागच्या मोकळ्या प्लॉटवरून मूठ मिटून धावत आली, "काकू बघा काय सापडलं", उघडते तर मृगाचा किडा! तोच तो, लालभडक मखमली. कित्येक वर्षांनी बघितला. आजोळचं परसदार आठवलं एकदम, काडेपेटीत ओलं गवत घालून त्यात कोंडलेले किडे आणि आजीचा ओरडा "सोडा रे त्यांना, पाऊस रुसेल". म्हणायला किडा पण पाय आठ, म्हणजे कोळ्यांच्या खानदानातला. पोरीला मोजायला लावले आणि मग होता तिथेच सोडून आलो आम्ही दोघी. वर्षभर जमिनीत असतो, पहिल्या पावसांनंतर थोडे दिवस वर फिरतो आणि गायब. तर लिहा, तुमच्याकडे कोण कोण येतं? कुंडी असो की एकर, सगळं चालेल.

अवलिया
काडेपेटी +१!! माझी तर शाळेत बाकावर उघडली होती. पुढचं विचारू नका.

हिरवा_कोपरा
माझ्याकडे लिंबाच्या कुंडीत अळ्या. छोट्या असताना हुबेहूब पक्ष्याची शीट दिसते, मला वाटायचं कबुतरंच करतायत घाण, मग मोठी झाली की हिरवीगार होते आणि हात लावला ना की डोक्यामागून दोन केशरी शिंगं बाहेर काढते आणि असला उग्र वास सोडते की बस. सासूबाई म्हणतात फवारा मार. शेवटी तह झालाय, कढीपत्ता घराचा आणि लिंबू अळ्यांचा, पण अळ्यांना तह माहीत नाही, त्या कढीपत्त्यावरही जातात. परवा एक कोष फुटताना दिसला, पंख आधी चुरगळलेले, ओले, मग काडीला लोंबकळत हळूहळू ताठ झाले. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या कळलंच नाही, डाळीचं पिठलं.

अवलिया
@हिरवा_कोपरा कुठलं फुलपाखरू पण? ते राज्याचं का?

हिरवा_कोपरा
नाही हो, काळं-पिवळं साधं लिंबावरचं. राज्याचं म्हणजे ब्लू मॉरमॉन, 2015 ला महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालं ते. तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं, पण आमच्या गॅलरीत अजून पायधूळ झाडलेली नाही. कोकणातल्या आत्याच्या अंगणात येतं म्हणे, तिला काही कौतुक नाही.

माजघर_काकू
आत्याला कशाला असेल कौतुक गो, आमच्याकडे रोज येतंत. मे संपता संपता काजवे, मग बेडकांची शाळा रात्रभर, मग गोगलगायी येऊन भाजीचा वाफा साफ करतात. फुलपाखराचे फोटो तुम्ही काढा, माझी काकडी कोण वाचवतंय? ह्यांना म्हटलं बॅटरी घेऊन रात्री गोगलगायी वेचा तर म्हणतात मॅच चालू आहे.

परदेशी_पाहुणी
न्यू जर्सीहून लिहितेय. इथे जून-जुलैत लॉनवर काजवे येतात, लेक पहिल्यांदा बघून ओरडली होती "आई गवताला लायटिंग केलंय". मिल्कवीडची झाडं मुद्दाम लावलीत मोनार्क फुलपाखरांसाठी. गंमत म्हणजे उन्हाळ्यातल्या पिढ्या थोडेच आठवडे जगतात आणि सप्टेंबरात निघते ती मात्र थेट मेक्सिकोला जाते, व्हिसा नाही काही नाही. बाकी टोमॅटो खारींचे, होस्टाची शोभेची झाडं हरणांची. थंडीत नुसते जुंको पक्षी उड्या मारतात बर्फावर. इकडे मोगरा जगवलाय का कोणी, घरात घेतला की रुसतो.

मोगरावेडी
@परदेशी_पाहुणी दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, थंडीत पाणी कमी, आणि हीटरपासून लांब. बाकी व्यक्तिगत निरोपात लिहिते.

दुपारचा_चहा
शिंजीर पक्षी! कपड्याच्या दोरीच्या टोकाला घरटं बांधलंय. कोळ्याचं जाळं, वाळक्या पानांचे तुकडे, साल, काय काय लोंबतंय, आणि दाराला वर छज्जासुद्धा. सगळं काम बाईचं, बुवा नुसते चमकत फिरतात. घरात सांगून ठेवलंय दोरी बंद, कपडे हॉलमध्ये पंख्याखाली. दोन दिवस कोणी बोललं नाही माझ्याशी.

सुमेध_नाही
बुवा नुसते चमकत फिरतात, हे आमच्या घरी वाचून दाखवलं गेलंय. धन्यवाद.
माझा पाहुणा कुंभारीण माशी. चार्जिंगच्या सॉकेटात मातीचं घर. आतल्या अळ्या मेलेल्या वाटल्या तर नाही, डंख मारून बधिर करून ठेवते, पिल्लासाठी ताजा डबा. आता ते सॉकेट तिचं, आम्ही एक्स्टेंशन आणली.

माजघर_काकू
माझ्या शिलाई मशीनच्या भोकात करते मेली.

नवी_माळीण
मधेच विचारते, सॉरी, जास्वंदीवर मिलीबग आलेत पांढरे कापसासारखे. काय मारू? ताक चालेल?

हिरवा_कोपरा
ताकाने मला तरी काही फरक पडला नाही. लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब भांड्यांचा लिक्विड साबण, संध्याकाळी मारा, उन्हात नको, पानं करपतात. पण आधी निरखून बघा, त्यातलंच एखादं मोठं, झिपरं आणि भराभर चालणारं असेल तर ती एका जातीच्या लेडीबर्डची अळी असू शकते, ती मिलीबग खाते. तिला मारू नका.

नवी_माळीण
थांबा बघते.
अय्या पळतंय एक! आता?

हिरवा_कोपरा
आता काही नाही. फवारा ठेवून द्या आणि तिला जेवू द्या.

अवलिया
आणि ते उरलेलं ताक मला पाठवा, इथे उकाडा आहे.