साथ येण्याआधीचे महिने तपासा

वय, मधुमेह, हृदयविकार जुळवून घेतले की फ्लूची लस घेतलेले आणि न घेतलेले यांच्यातल्या मृत्यूंची तुलना रास्त होते, असं म्हटलं जातं; ते पटत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका आरोग्य सहकारी संस्थेच्या ६५ वर्षांवरच्या ७२,५२७ सभासदांची ८ वर्षांची माहिती तपासून २००६ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्यांमध्ये मृत्यूचं सापेक्ष प्रमाण (न घेतलेल्यांचं १ धरून) फ्लूच्या साथीत ०.५६ होतं. पण साथ सुरू होण्याआधी तर ०.३९! तेव्हा विषाणू फिरतच नव्हता, मग लस वाचवत कशापासून होती? अंथरुणाला खिळलेलं माणूस लस घ्यायला जात नाही, ते आपसूक लस न घेतलेल्यांच्या गटात पडतं. दवाखान्याच्या नोंदींतले रोगनिदानाचे कोड जुळवल्यावर आकडे सुधारले नाहीत, १ पासून आणखी लांब गेले. कोडमध्ये 'मधुमेह' असतो; माणूस स्वतःची आंघोळ स्वतः करू शकतो का, हे नसतं.

त्यामुळे साथीआधीचं हे सापेक्ष प्रमाण १ च्या आसपास, म्हणजे दोन्ही गटांत सारखं, येतं का, ते आधी बघा. येत नसेल तर ताप-खोकल्याने दवाखान्यात आलेल्यांचीच फ्लूसाठी पीसीआर (विषाणू शोधणारी चाचणी) करून पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांच्यातलं लसीकरण ताडून पाहणं बरं. स्वॅब मात्र पहिल्या ७ दिवसांत हवा. उशीर झाला की फ्लूचे खरे रुग्णही निगेटिव्हमध्ये मोजले जातात.