वातकुक्कुट म्हणायचं, पण वर कोंबडाच नसेल तर?

मंडळी, एक शब्द हवाय. परदेशात फिरताना चर्चच्या मनोऱ्यावर, टाउन हॉलच्या शेंड्यावर, कधी साध्या गोठ्याच्या छपरावर ते वाऱ्याबरोबर फिरणारं जे असतं ना, त्याचे फोटो काढायचा मला नाद आहे, म्हणजे घरचे खाली आइस्क्रीम खात उभे आणि मी मान मोडेपर्यंत वर बघत. आता ते फोटो एकत्र करून मराठीत नावं द्यायला बसले तर पहिल्याच फोटोला अडले. शाळेत भूगोलात 'वातकुक्कुट' आपण सगळेच शिकलोय, आकृती काढून भागांना नावं द्या वगैरे. वर कोंबडा असेल तर ठीकच आहे. पण माझ्याकडे लंडनच्या रॉयल एक्स्चेंजवरचा सोनेरी नाकतोडा आहे, तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर सेंट मेरी-ल-बो चर्चवरचा ड्रॅगन आहे, एस्टोनियात टॅलिनच्या टाउन हॉलवर 1530 पासून पहारा देणारा म्हातारा टॉमस नावाचा शिपाई आहे. 'नाकतोडा आकाराचा वातकुक्कुट' असं लिहू का? मलाच हसू येतंय. इंग्रजीत वेदर वेन म्हटलं की सगळे त्यात बसतात, वेदरकॉक फक्त कोंबड्यापुरता. आपल्याकडे तसा सगळ्यांना धरणारा शब्द कोणता?

* * *

वातदिशादर्शक आहे की. पुस्तकात असतो कधीकधी कंसात. सरकारी वाटतो हे मान्य, पण अर्थ चोख आहे. फक्त एक बघा, दिशा कुठली दाखवतो हे पोरांना दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. बाणाचं टोक वारा जिकडून येतो तिकडे असतं, जातो तिकडे नाही. शेपटीचा पत्रा रुंद ठेवतात, वारा त्याला ढकलून मागे नेतो आणि आपोआप तोंड वाऱ्याकडे होतं. वजन मात्र दांड्याच्या दोन्ही बाजूंना सारखं लागतं, नाहीतर ते एका बाजूला कलून अडकतं. वजन समान आणि पत्र्याचं क्षेत्रफळ असमान, एवढीच त्याच्यातली युक्ती. विमानतळावरचा तो कापडी विंडसॉक बरोबर उलटा, त्याची शेपटी वारा जातो तिकडे फडकते. नैऋत्य मोसमी वारे म्हणजे नैऋत्येकडून येणारे, हे ज्याला पक्कं कळलं त्याला कोंबडाही कळतो.

* * *

सर, अर्थ चोख असेल हो, पण 'वात' नको. वात म्हटलं की मला समईतली वात आठवते नाहीतर आईचे गुडघे, आणि तिसरा अर्थ म्हणजे "नुसता वात आणलाय या पोरानं". बोलताना कोण वाऱ्याला वात म्हणतं? वारा सुटतो, वारा पडतो, वाऱ्यावर सोडतात, एखाद्याच्या वाऱ्याला उभं राहत नाहीत. मग शब्द वाऱ्यावरूनच करा ना. वारदर्शक. वारफिरकी. आमच्याकडे तर सरळ भिरभिरं म्हणतील.

* * *

भिरभिरं गोल फिरत राहतं, हे वळून थांबतं. फरक आहे.

* * *

दुसऱ्या भाषांनी काय केलंय ते बघितलं तर मजा येते. वेन हा शब्द जुन्या इंग्रजीत फाना होता आणि त्याचा अर्थ झेंडा, कापड. जर्मनमध्ये आजही झेंड्याला फाने म्हणतात आणि या वस्तूला विंडफाने किंवा वेटरफाने, म्हणजे वाऱ्याचा झेंडा, हवामानाचा झेंडा. कोंबडा असेल तर वेटरहान. म्हणजे मूळ वस्तू झेंडा आणि कोंबडा हा त्यातला एक प्रकार. व्हायकिंगांच्या जहाजांवर सोनेरी मुलाम्याचे धातूचे झेंडेच असायचे, पुढे त्यातले काही चर्चवर चढले, नॉर्वेतला हेग्गेनचा आणि स्वीडनमधला सॉदरालाचा असे अजून शिल्लक आहेत. फ्रेंच जिरुएत हा शब्दसुद्धा त्या उत्तरेकडच्या लोकांच्याच भाषेतून आला आणि मग 'फिरणे'च्या वळणानं बदलला. कोंबडा चर्चमुळे आला. पीटरनं येशूला कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारलं ती गोष्ट आहे ना, ती आठवण म्हणून मनोऱ्यावर कोंबडा. शिल्लक असलेला सगळ्यात जुना म्हणतात तो इटलीत ब्रेशियाच्या सांता जुलिया म्युझियममध्ये ठेवलाय, नवव्या शतकातला, बिशप राम्पेर्तोच्या नावानं ओळखतात त्याला. बघायला मिळाला तर सोडू नका, पार गंजून भोकं पडलीत पण ऐट तीच.

तर आपण झेंड्यावरून का जाऊ नये? मराठीत बावटा हा झकास शब्द आहे. वारबावटा.

* * *

रत्नागिरीहून लिहितोय. बावटा नको हो, प्लीज. इकडे बावटा म्हणजे बंदरात लावतात तो, "तीन नंबरचा बावटा लागला" म्हटलं की होड्या किनाऱ्याला ओढून ठेवायच्या. तुमचा वारबावटा फिरायला लागला तर आमची माणसं समुद्रावर जायची थांबतील 😄 आणि खरं सांगू का, कोकणात ही वस्तू घरावर कधी लागलीच नाही कारण गरज नाही, डोलकाठीवरचं निशाण बघतात, माडाच्या झावळ्या बघतात, खारा वारा की मतलई ते अंगालाच कळतं. वस्तू नाही म्हणून शब्द नाही, त्यात लाज कसली.

* * *

गोव्यातून. आमच्याकडे जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांवर कोंबडे बसलेत की. कौलांच्या आढ्यावर नाहीतर गेटच्या खांबावर, कुठे कोंबडा, कुठे सिंह, कुठे बंदूक धरलेला शिपाई. पण ते फिरत नाहीत, नुसती शोभा. टूरिस्ट लोक त्यांना वेदरकॉक समजून फोटो टाकतात तेव्हा मला फार राग येतो, दोन मिनिटं उभं राहून बघा की हलतोय का ते. पोर्तुगीजमध्ये फिरणाऱ्याला काता-वेंतु म्हणतात, वारा टिपणारा असं काहीसं. मराठीत 'वाराटिप्या' चालेल? (चालणार नाही, मला माहितीय.)

* * *

वाराटिप्या हा कोल्हापुरातला पैलवान वाटतो.

* * *

एक मुद्दा राहिला. पेपरवाले पक्ष बदलणाऱ्याला वातकुक्कुट म्हणतात अधूनमधून, इंग्रजीवरून उचललंय ते. फ्रेंच लोकांनी तर हद्द केली होती, नेपोलियन पडला-आला-परत पडला त्या गडबडीत 1815 साली पॅरिसमध्ये बाजू बदलणाऱ्यांचा चक्क एक कोश निघाला, नावापुढे माणूस जितका फिरला तितकी छोटी जिरुएतं छापलेली. पण आपली म्हण काय सांगते? वारा येईल तशी पाठ द्यावी. कोंबडा नेमका उलटं करतो ना! वारा येईल तिकडे तोंड करतो. पाठ देणारा संधिसाधू आणि तोंड देणारा कोंबडा, मग बिचाऱ्याला कशाला बदनाम करायचं. मला तरी राजकारण्यांसाठी आयाराम-गयाराम पुरेसा आहे.

* * *

हे आवडलं! पेपरवाल्यांनी वाचायला हवं.

ताई, शब्दाचं होईल काहीतरी, पण फोटो कसे काढता ते सांगा. मी काढले की काळा ठिपका आणि मागे पांढरं आभाळ.

* * *

धागाकर्ती परत आलेय. आधी फोटोचं सांगते. आभाळ उजळ असतं म्हणून कॅमेरा सगळंच अंधारं करतो, एक्स्पोजर एखादा स्टॉप वर न्यायचा, म्हणजे फोटो थोडा उजळ करायचा, किंवा मुद्दाम काळी आकृतीच हवी असेल तर तसंच ठेवायचं, ड्रॅगन तसाच छान दिसतो. झूम हवाच, 200 मिमीच्या खाली काही हाती लागत नाही, मोबाइलचा डिजिटल झूम तर नकोच. पण खरी गंमत उभं कुठे राहायचं यात आहे. समोरून काढला तर कोंबडा नुसती एक रेघ दिसतो, पत्राच तो. बाजूनं दिसायला हवा, म्हणजे वारा तुमच्या नजरेला आडवा हवा. पश्चिम युरोपात बहुतेकदा वारा पश्चिमेचा नाहीतर नैऋत्येचा, आणि सूर्य कायम दक्षिणेकडे झुकलेला. म्हणून मी चर्चच्या दक्षिणेला जाते, ऊन माझ्या पाठीशी, कोंबड्याचं तोंड डावीकडे, सोनेरी मुलामा असेल तर चमकतो पण. वारा पडलेला असेल तर तो कुठेतरी भलतीकडे तोंड करून रुसून बसतो, त्या दिवशी खुशाल आइस्क्रीम खावं.

आणि हो, सगळे लांबूनच बघावे लागतात असं नाही. स्पेनमध्ये सेव्हियाला कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर 1568 मध्ये एक ब्राँझची बाई बसवली, हातात ढालीसारखा झेंडा, त्यावर वारा धरून ती अख्खी फिरते, उंची साडेतीन मीटरच्या आसपास. तिला हिराल्दा म्हणायचे, म्हणजे फिरणारी, मग ते नाव खालच्या मनोऱ्यालाच चिकटलं आणि ही झाली हिराल्दिल्यो. तिची प्रतिकृती कॅथीड्रलच्या दाराशी जमिनीवर ठेवलीय, जवळून बघितल्यावर कळतं वर केवढं धूड फिरतंय.

माझा लाडका मात्र लॉर्ड्सवरचा फादर टाइम. क्रिकेट बघणाऱ्यांना माहितीच असेल, वाकून स्टंपवरच्या बेल्स उतरवणारा दाढीवाला, पाठीवर कोयता. वेळ संपली की पंच बेल्स काढतात त्यावरून. 1926 मध्ये हर्बर्ट बेकरनं भेट दिला, हाच तो दिल्लीच्या नॉर्थ ब्लॉक-साउथ ब्लॉकचा आर्किटेक्ट. दुसऱ्या महायुद्धात बॅरेज बलूनच्या (शत्रूची विमानं अडवायला तारेनं बांधून वर सोडायचे तो फुगा) तारेत अडकून खाली आला, 1992 ला वीज पडली, आणि 2015 ला वाऱ्यानंच मोडला, ज्याचं काम वारा सांगायचं त्याला वाऱ्यानं पाडलं. आता याला 'वातकुक्कुट' म्हणा बघू!

सध्या मी असं ठरवलंय: कोंबडा असेल तिथे वातकुक्कुट, बाकी ठिकाणी 'वाऱ्याचा' लावून जे असेल ते. वाऱ्याचा नाकतोडा, वाऱ्याचा ड्रॅगन. सगळ्यांना मिळून वारदर्शक. वातदिशादर्शकवाल्या सरांची माफी.

* * *

माफी कसली, वारदर्शक चालेल. वेधशाळेतही तेच काम करतं ते, फक्त नक्षी नाही, मोकळ्या जागेत जमिनीपासून 10 मीटरवर बसवतात म्हणजे इमारतींचा आडोसा लागत नाही. तुमचे चर्चवाले उंच असतात म्हणून बरे.

* * *

वाऱ्याचा राजहंस पण ठेवा यादीत. उत्तर जर्मनी आणि हॉलंडमध्ये काही लुथरन चर्चवर कोंबड्याऐवजी राजहंस असतो, यान हुस या चेक धर्मसुधारकाच्या दंतकथेवरून. आज तुम्ही हंस जाळताय पण पुढे राजहंस येईल असं तो म्हणाला म्हणे, आणि तो राजहंस म्हणजे ल्यूथर. त्यावरून कुठलं चर्च कुणाचं तेही लांबून ओळखता येतं.

आणि अवांतर, पण तुमच्या कॅप्शनला लागेल. खाली आडव्या दांड्यांवर दिशांची अक्षरं असतात ती देशाप्रमाणे बदलतात. जर्मनीत 'ओ' दिसलं तर ती पूर्व, फ्रान्स-स्पेन-इटलीत तेच 'ओ' म्हणजे पश्चिम. फोटोवरून वारा कुठला होता ते लिहिणार असाल तर आधी फोटो कुठल्या देशातला ते बघा.

* * *

बाप रे. स्ट्रासबुर्गचे फोटो आहेत माझ्याकडे, तिथे कुठलं धरायचं?

* * *

आज फ्रान्स. पण 1871 ते 1918 जर्मनी होतं, तेव्हा छप्पर कधीचं आहे ते विचारून या 😀