एकाच केबलवर दोन टीव्ही आणि इंटरनेट: कोणता स्प्लिटर घ्यावा?

आंबेमोहर
डोंबिवलीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. केबलवाल्याची एकच काळी वायर हॉलमध्ये येते. त्यावरच दोन सेट-टॉप बॉक्स (एक हॉलमध्ये, एक आईंच्या खोलीत) आणि इंटरनेटचा मोडेम. चार तोंडांचा स्प्लिटर (एका वायरीचे फाटे करणारी डबी) लावलाय, एक तोंड रिकामं. चित्र ठीक दिसतं, पण नेट सारखं तुटतं. केबलवाला म्हणतो बूस्टर लावा. लावू का?

तारवाला
बूस्टर नको. टीव्हीसाठीचे बरेच बूस्टर सिग्नल एकाच दिशेने नेतात. मोडेमला उलट बोलावंही लागतं, तेही अगदी खालच्या पट्ट्यात, ५ मेगाहर्ट्झपासून वर. ती वाट बंद झाली की टीव्ही झकास आणि नेट ठार.
चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये दर तोंडाला साधारण ७ डेसिबल घट होते, म्हणजे आलेल्यातला पाचवा हिस्सा हाती लागतो. दोन तोंडांच्यात ३.५ च. तेव्हा दोन-दोन तोंडांचे दोन घ्या. पहिल्यातून एक वायर थेट मोडेमला, दुसरी पुढच्या स्प्लिटरला, तिथून दोन्ही टीव्ही. टीव्हींना आत्ताइतकंच मिळेल, मोडेमची चैन.

मधुमालती
तीन तोंडांचा घेतला तर हेच एका डबीत होतं. एका तोंडावर ३.५ आणि उरलेल्या दोघांवर ७ छापलेलं असतं. छापलेलं वाचूनच घ्या, काही तीनतोंडी तिन्हीकडे सारखंच वाटून देतात.

आंबेमोहर
धन्यवाद! कंपनी कोणती?

तारवाला
कंपनीचं सोडा, डबीवर ५ ते १००० मेगाहर्ट्झ लिहिलंय का बघा. ९५० ते २१५० वाला डीटीएचचा, म्हणजे डिश अँटेनाचा, तो इथे निरुपयोगी. आणि हाताने पिळून बसवलेले कनेक्टर असतील तर आधी ते बदला, दाबून बसवायचे घ्या. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात असं माझं मत. रिकामं तोंड ठेवायचंच असेल तर ७५ ओहमची टोपी लावा.

चकलीबहाद्दर
धागा पळवतोय, माफी असावी. आमच्याकडे गच्चीवर डीटीएचची छत्री आहे. एका वायरीला स्प्लिटर लावून दोन टीव्ही चालतील?

तारवाला
धड नाही चालणार. बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) कुठलं पोलरायझेशन, म्हणजे उभ्या लहरी की आडव्या, हवं ते सांगतो. दोन बॉक्सनी वेगवेगळं मागितलं की एकाचे काही चॅनेल गायब. दोन आउटपुटांचा एलएनबी घ्या आणि दुसरी वायर ओढा.

मधुमालती
आंबेमोहर, बाजारात जाण्याआधी एक करा. स्प्लिटर काढून मोडेम थेट वायरीला लावा आणि संध्याकाळभर बघा. टीव्ही बंद राहतील, आईंना आधी सांगून ठेवा! ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मोडेमच्या सेटिंगच्या पानावर आलेल्या सिग्नलची पातळी दिसते, ती उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) आत असली की बरं. थेट लावूनही तुटत असेल तर दोष बहुतेक तुमच्या घराबाहेर आहे. मग स्प्लिटरवर पैसे घालू नका, केबलवाल्यालाच जिन्यातली वायर तपासायला लावा.