मदत हवी आहे: जुन्या पीसीला नवा कीबोर्ड लागत नाही (अर्जंट)

इतवारीकर: बाबांचा जुना पीसी माळ्यावरून काढला. चालू होतो. मागे गोल मोठं सॉकेट आहे, त्यासाठी बर्डीच्या बाजारातून कन्व्हर्टर आणला आणि नवा कीबोर्ड लावला. एकही बटण चालत नाही. तीन कीबोर्ड बदलून झाले. रविवारी घर खाली करायचं आहे, लवकर सांगा.

सोल्डरवाला: कोणता पीसी? कीबोर्ड यूएसबी की पीएस/२ (छोटा गोल प्लग)? स्क्रीनवर काय येतं?

इतवारीकर: अहो साधा जुना पीसी आहे, आडवा डबा. कीबोर्डचे लाइट एकदा चमकून जातात.

गुड्डूभाऊ: डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, ड्रायव्हर अनइन्स्टॉल कर, रिस्टार्ट मार. माझ्या विंडोज एक्सपीचं असंच झालं होतं.

सोल्डरवाला: गुड्डूभाऊ, त्यात विंडोज तरी आहे का बे! इतवारीकर, चालू होताना ३०१ आकडा (कीबोर्डचा एरर) दिसतो का? झाकण काढून मोठ्या चिपवरचं वाचा.

इतवारीकर: हो, ३०१ येतो. चिपवर ८०८८.

सोल्डरवाला: मग हे आधी सांगायचं ना भाऊ. ही एक्सटी, आयबीएमच्या सुरुवातीच्या पीसीची जात. १९८४ साली तिची पुढची पिढी एटी आली तेव्हा सॉकेट तेच पाच पिनांचं ठेवलं, भाषा मात्र बदलली. एक्सटीला बटणांचे कोड वेगळे लागतात आणि ती कीबोर्डचं फक्त ऐकते, त्याला काही सांगत नाही. तुमचा कन्व्हर्टर नुसत्या तारा जोडतो. पीएस/२ कीबोर्ड आणि एक आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) घ्या, मधे दुभाष्या बसवा. पिना मोजताना सांभाळा, त्या ओळीने नसतात: १-४-२-५-३. चार नंबरची पिन ग्राउंड, पाच नंबरची ५ व्होल्ट. उलटं झालं तर धूर.

नाना_धरमपेठ: रविवारपर्यंत पोरगा आर्डुइनो शिकेल का? पोटाशी एक्स-ए (एक्सटी-एटी) असा बारीक स्विच असलेला जुना कीबोर्ड भंगारात शोधा, एक्सवर करा, झालं. आम्ही असल्याच मशीनवर लोटस स्प्रेडशीटमध्ये अख्ख्या पेढीचा हिशोब ठेवायचो, ६४० केबीत. आता नातवाला फोनमध्ये ८ जीबी पुरत नाही.

सोल्डरवाला: नाना, भंगारवाल्याकडे तसला कीबोर्ड शेवटचा कधी पाहिला होता तुम्ही?

नाना_धरमपेठ: आणि तुझा आर्डुइनो काय तर्री पोह्यासोबत मिळतो?

प्रज्ञा_व: तर्री पोहे काढलेच आहेत तर सांगा, हल्ली बर्डीत चांगले कुठे मिळतात?

मेकॅनिकलप्रेमी: खरं टायपिंग स्प्रिंगवाल्या कीबोर्डवरच. बाकी सगळे रबराचे चिखल.

गुड्डूभाऊ: डेटाच पाहिजे असेल तर हार्ड डिस्क काढून यूएसबी केसमध्ये टाक ना.

सोल्डरवाला: ती जुन्या पद्धतीची एमएफएम डिस्क असणार, दोन पट्ट्या केबलवाली. यूएसबी केसमध्ये बसत नाही. ज्या कंट्रोलर कार्डावर (डिस्क चालवणारं कार्ड) फॉरमॅट झाली त्याच्यावरच वाचली जाईल असं धरा, म्हणून दोघांना वेगळं करू नका. इतवारीकर, याचा मूळ कीबोर्ड कुठे गेला?

इतवारीकर: तो आहे ना, इथेच. एंटर आणि डी चालत नव्हते म्हणून बाजूला ठेवला. मला बाबांची १९८९ ची खतावणी पाहिजे, बस.

नाना_धरमपेठ: अरे बाप्पा! आणि आम्ही इथे भांडून राहिलो.

सोल्डरवाला: उघडा तो. आत स्प्रिंग आहे की स्पंज?

इतवारीकर: स्पंजच्या टिकल्या, खाली चकचकीत फिल्म. बोट लावलं की काळी भुकटी. एंटरखाली तर उरलंच नाही काही.

सोल्डरवाला: हाच रोग. स्पंज सडला की फिल्म खालच्या बोर्डापर्यंत पोचत नाही. दाराच्या फटीला लावतात ती फोमची पट्टी आणा, टिकल्या कापा, जुनी फिल्म स्पिरिटने पुसून आधी जशी होती त्याच बाजूने चिकटवा. आधी फक्त एंटर आणि डी करा.

इतवारीकर: (शनिवार, दुपारी ३) चाललं!! ३०१ गेला. एंटर थोडा जड आहे. पण डीआयआर (फाइलींची यादी) दिलं तर चार नावं आली आणि मग सेक्टर नॉट फाउंड, अबॉर्ट, रिट्राय, फेल. डिस्क गेली का?

सोल्डरवाला: मे महिन्यात दुपारी तीनला चालू केलं? त्या जुन्या डिस्कांचं वाचणारं डोकं टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या स्टेपर मोटरवर चालतं, गरमीत जागेवरून थोडं सरकतं. बंद करा. काहीही फॉरमॅट करू नका. उद्या पहाटे पाचला, गार असताना.

इतवारीकर: ट्रक सातला येणार आहे.

नाना_धरमपेठ: मग साडेचारला ऊठ. आणि कूलर पाण्याचा नको रे, नुसता पंखा.