शब्दचर्चा : ‘सिव्हिलायझेशन’ला संस्कृती म्हणावं की सभ्यता?

अनुवादक : पुरातत्त्वावरचा मजकूर मराठीत करते आहे. ‘कल्चर’ आणि ‘सिव्हिलायझेशन’ एकाच वाक्यात आले की अडतं. दोन्हीकडे ‘संस्कृती’ लिहिलं तर वाक्याला अर्थच उरत नाही. ‘सभ्यता’ चालेल का?

व्याकरणवाले : व्युत्पत्तीची अडचण नाही. ‘सभाया यः’ (पाणिनी 4.4.105) : सभेत शोभेल तो सभ्य. पण मराठी कानाला सभ्यता म्हणजे शिष्टपणा. सभ्य गृहस्थ बसमध्ये उठून जागा देतो. मोहेंजोदडोची गटारं त्याने बांधली असं कुणाला वाटत नाही. हिंदीत ‘सिंधु घाटी सभ्यता’ रुळलं, आपल्याकडे ‘सिंधू संस्कृती’च.

(जाता जाता : ‘कल्चर’ या अर्थाचा ‘संस्कृती’ बंगालीत गेला तो मराठीमुळे. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जींना तो पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून कळला. ‘कल्चर’साठी बंगालीत चालणारा ‘कृष्टि’ न आवडणाऱ्या रवींद्रनाथांनी तो उचलून धरला.)

उत्खननवाले : खरी गोची महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणकाळच्या (तांब्या-दगडाची हत्यारं वापरण्याच्या काळच्या) ‘जोर्वे संस्कृती’त आहे. सिंधूकडे नगरं, 1:2:4 प्रमाणाच्या विटा, ठरीव वजनं, लिपी. जोर्वे म्हणजे शेतकऱ्यांची गावं. इथे ‘संस्कृती’चा अर्थ एवढाच की ठरावीक गोष्टी पुन्हापुन्हा एकत्र सापडतात : लाल भांड्यांवर काळी नक्षी, तोटीची भांडी, घराच्या जमिनीखालची दफनं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या जोर्वे वस्तीत लहान मुलं दोन कुंभांत, कुंभांची तोंडं एकमेकांना जोडून पुरलेली आहेत. वाचक मात्र दोन्ही ‘संस्कृती’ एकाच मापाने मोजतो आणि जोर्वेला मागास ठरवून मोकळा होतो. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘सिंधूची नागर संस्कृती’ आणि ‘जोर्वे ही पुरातत्त्वीय संस्कृती’ असं फोडून लिहा. पुढे नुसतं ‘संस्कृती’ पुरे. ‘नागरीकरण’ टाळा, तो शब्द शहरं वाढण्याला गेलाय.

जुनी पुस्तकंवाले : एकोणिसाव्या शतकात ‘सिव्हिलायझेशन’लाच ‘सुधारणा’ म्हणत, ‘सुधारलेली राष्ट्रे’ वगैरे. आगरकरांचा ‘सुधारक’ (1888) त्याच काळातला. आता ‘सुधारणा’ म्हणजे रेशनकार्डावरच्या नावातली दुरुस्ती. शिवाय सुधारलेला आला की न सुधारलेला आलाच, ही उतरंड शब्दातच आहे. जुना उतारा देताना तसाच ठेवा, नव्या मजकुरात नको.

अनुवादक : आणि ‘सिव्हिलाइज्ड’?

व्याकरणवाले : वागण्याबद्दल असेल तर सभ्य, शहरी जीवनाबद्दल असेल तर नागर. टोमणा असेल तर ‘सुधारलेला’च. ‘फार सुधारलात हो!’ यात तो अजून ठणठणीत आहे.